लांब मानेचा नवा आद्य डायनासोर: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत एका नव्या डायनासोरची ओळख प्रसिद्ध झाली. त्याचं नाव हुआयराकर्सर हाग्वेन्सिस. त्यानंतरच्या रविवारी आमच्या घराच्या ओसरीवर जमणाऱ्या मुलांना मी त्याची गोष्ट सांगितली. मुलांनी ती घरी नेली, मग पालक विचारू लागले, मग भाजी आणायला गेल्यावर मंडईतही कुणी कुणी थांबवून विचारू लागलं. शाळेत विज्ञान शिकवत आले त्या सगळ्या वर्षांत इतके चांगले प्रश्न एका विषयावर मला क्वचितच मिळाले. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. काही प्रश्न आठवीतल्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या आजोबांचे.

नेमकं सापडलं काय?

आर्जेन्टिनाच्या वायव्येला, ला रिओहा प्रांतात, अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या, सुमारे २३ कोटी वर्षं जुन्या लाल खडकांत एका प्राण्याच्या सापळ्याचा बराच भाग मिळाला. कवटीचे तुकडे, पाठीचा कणा शेपटीपर्यंत, पुढच्या आणि मागच्या पायांची हाडं. इतक्या जुन्या डायनासोरचं एवढं अंग एकत्र मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक वेळा एखादं मांडीचं हाड आणि चार मणके हातात येतात आणि बाकीचा प्राणी डोक्यात उभा करावा लागतो.

‘हुआयरा’ म्हणजे तिथल्या केचुआ भाषेत वारा आणि ‘कर्सर’ म्हणजे लॅटिनमध्ये धावणारा. ‘हाग्वेन्सिस’ हा भाग जवळच्या हाग्वे या गावावरून आला. एका मुलीनं त्याचं मराठी नाव लगेच ठेवलं: वारापळ्या. मला ते इतकं आवडलं की पुढे मी तेच वापरणार आहे.

तो केवढा होता?

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे २ मीटर आणि वजन साधारण १८ किलो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं हे माप आहे.

१८ किलो म्हणजे किती हे सोलापूरकरांना सांगायला माझ्याकडे चांगलं उदाहरण आहे. नान्नजचा माळढोक. मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो. म्हणजे वारापळ्या वजनानं माळढोकाहून थोडाच जास्त; फक्त त्याला लांब शेपटी होती, पंख नव्हते, आणि तो दोन पायांवर पळायचा. माळढोक आता आपल्या माळावर जवळजवळ दिसेनासा झाला आहे, पण ज्यांनी त्याला उंच मान करून गवतातून चालताना पाहिलंय त्यांना वारापळ्याची कल्पना करणं सोपं जाईल. आणि हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत. माळढोक आणि वारापळ्या खरोखरच दूरचे नातलग आहेत.

दोन मीटरच्या प्राण्याला ‘लांब मानेचा’ कसं म्हणायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, आणि खरं तर या शोधाचा जीव याच प्रश्नात आहे.

लांब मानेचा डायनासोर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याच्या टाकीएवढा, खांबासारख्या चार पायांचा प्राणी येतो. चीनच्या मामेनचिसॉरसची मान सुमारे १५ मीटर होती असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. ते सगळे सॉरोपॉड. पण सॉरोपॉड आभाळातून पडले नाहीत. त्यांच्या आधी, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, त्यांच्या कुळातले छोटे, दोन पायांवर चालणारे प्राणी होते. या सगळ्या कुळाला मिळून सॉरोपोडोमॉर्फ म्हणतात.

यातल्या सगळ्यात जुन्या प्राण्यांची मान आखूडच असते. ब्राझीलमध्ये २०१६ मध्ये ओळख पटलेला ब्युरिओलेस्टिस पाहा: सुमारे दीड मीटर लांब, २३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा, मान साधी. मग २०१८ मध्ये त्याच ब्राझीलमधून मॅक्रोकॉलम आला. त्याच्या नावाचाच अर्थ ‘लांब मान’. साडेतीन मीटर लांब, सुमारे १०० किलो, काळ २२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. या दोघांच्या मधल्या काळात मान लांबली आणि अंगही वाढलं हे उघड होतं. त्यामुळे अनेकांचा समज असा होता की दोन्ही गोष्टी हातात हात घालून झाल्या, प्राणी मोठा होत गेला आणि मानही वाढत गेली.

वारापळ्यामुळे या चित्राची सुरुवात बरीच मागे सरकली. तो त्याच्या काळातल्या इतर आद्य सॉरोपोडोमॉर्फांच्या तुलनेत थोडा मोठा आणि मानेचे मणके मात्र स्पष्टपणे लांबट. म्हणजे मान लांबण्याची सुरुवात फार लवकर झाली, राक्षसी आकाराच्या कितीतरी आधी, या वंशाच्या अगदी बालपणात. पुढे जे हत्तीला लाजवणारे प्राणी झाले त्यांची मुख्य खूण अठरा किलोच्या एका पळणाऱ्या प्राण्यात आधीच दिसते.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपण नेहमी शेवटचं रूप पाहून मागे तर्क लावतो: ‘मोठं अंग होतं म्हणून लांब मान लागली.’ इथे हाडं सांगतात की मान लांबायला राक्षसी अंगाची वाट पाहावी लागली नाही.

मान लांब म्हणजे मणके जास्त की प्रत्येक मणका लांब?

दोन्ही मार्ग असतात. जिराफाच्या मानेत ७ मणके, तुमच्या माझ्या मानेतही ७. जिराफाचा प्रत्येक मणका लांब. उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी मात्र मणक्यांची संख्या वाढवून मान लांब करतात, म्हणून त्यांची मान दोरीसारखी वळते. सॉरोपोडोमॉर्फांनी आधी मणका लांबवला आणि नंतरच्या राक्षसी प्राण्यांत संख्याही वाढवली. मामेनचिसॉरसच्या मानेत १८-१९ मणके आहेत.

पण नुसती लांबी मिळून भागत नाही, ती मान पेलायला हवी. इथे पुन्हा पक्षी मदतीला येतात. कोंबडीच्या शरीरात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्या हाडांतही शिरतात, म्हणून हाड पोकळ आणि हलकं. सॉरोपॉडांच्या मणक्यांत तशाच पोकळ्या दिसतात. मॅक्रोकॉलमच्या मणक्यांचं स्कॅन केलं तेव्हा तिथेही अशा पोकळ्यांची सुरुवात आढळली, म्हणजे २२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच. डोकं छोटं आणि घास न चावता गिळण्याची सवय, हीही मान लांबायला सोयीची. जड जबडा आणि दाढा टोकाला टांगलेल्या असत्या तर १५ मीटरची मान झालीच नसती.

ही नवी जात आहे हे कशावरून ठरवतात? एकाच जातीतला वेगळा दिसणारा प्राणी नसेल?

फार योग्य शंका. गड्ड्याच्या यात्रेत एका बैलाची शिंगं आत वळलेली आणि दुसऱ्याची बाहेर, म्हणून आपण दोन जाती म्हणत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ आधी वय पाहतात. लांब हाडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. त्यावरून प्राणी पिल्लू होता की मोठा झालेला हे समजतं. पिल्लाची प्रमाणं वेगळी असतात, त्यामुळे हे आधी झालं नाही तर पुढचं सगळं चुकतं. मग हाडं चिरडून वेडीवाकडी झाली आहेत का हे बघतात. खडकाच्या दाबाखाली मणका चेपला तर तो उगाच लांबट दिसतो. त्यानंतर खरी तुलना: खाचा, उंचवटे, सांध्यांचे पृष्ठभाग, स्नायू जिथे चिकटतात ते खरखरीत डाग. अशी शेकडो लक्षणं एकेक करून आधीच्या जातींशी ताडून पाहतात. जे लक्षण कुठल्याच माहीत असलेल्या जातीत नाही ते नोंदवलं जातं. अशी दोन-चार भक्कम लक्षणं मिळाली तरच नवं नाव देतात.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. तेलंगणात गोदावरीच्या खोऱ्यात मिळालेल्या एका आद्य सॉरोपोडोमॉर्फला २०११ मध्ये जकलापल्लीसॉरस असिमेट्रिका हे नाव मिळालं. जकलापल्ली हे गाव. आणि ‘असिमेट्रिका’ का? कारण त्याच्या घोट्यातलं एक हाड खालून पाहिलं तर एका बाजूला उतरतं, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. मुठीत मावेल अशा एका हाडाच्या या तिरकेपणानं त्या प्राण्याला स्वतःचं नाव मिळवून दिलं. ही हाडं गोळा होऊन कित्येक वर्षं झाली होती. कपाटात होती, त्यांच्यावर नंबर होते. कुणीतरी ती पुन्हा हातात घेऊन शांतपणे फिरवून पाहिली.

एक नियम सांगते जो मुलांना फार पटतो. नवी जात जाहीर करायची तर एक नमुना तिचा आधार म्हणून ठरवावाच लागतो, आणि तो सार्वजनिक संग्रहालयात क्रमांक देऊन ठेवावा, जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला येऊन तपासता यावा, असा आग्रह असतो. खासगी दिवाणखान्यात ठेवलेल्या हाडाचा विज्ञानाला फारसा उपयोग नाही.

२३ कोटी वर्षं हे कसं मोजतात? कार्बननं?

कार्बननं नाही. ती पद्धत साधारण ५० हजार वर्षांच्या पुढे चालत नाही.

खडकांच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली तर तिच्यातल्या झिरकॉन नावाच्या बारीक कणांत युरेनियमचं किती शिसं झालं हे मोजून वय काढतात. राख नसेल तर सोबत सापडणाऱ्या प्राण्यांवरून. वारापळ्याच्या खडकांत ऱ्हिन्कोसॉर नावाचे प्राणी सापडतात. पोपटासारखी वाकडी चोच, डुकराएवढं अंग, शाकाहारी. ते ट्रायसिक काळातल्या (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) एका ठरावीक टप्प्यात जगभर भरभराटीला आले आणि मग नाहीसे झाले. म्हणून त्यांची हाडं म्हणजे जवळजवळ तारखेचा शिक्काच.

गंमत अशी की हेच ऱ्हिन्कोसॉर गोदावरीच्या खोऱ्यातल्या मालेरी खडकांतही भरपूर आहेत. हायपरोडापेडॉन हे त्यांचं नाव. आणि मालेरीतच सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या गटातला एक प्राणी मिळाला, एक्झेरेटोडॉन. आर्जेन्टिनातही त्याचे भाऊबंद आहेत. या भारतीय प्राण्याच्या नावाचा दुसरा भाग आहे ‘स्टॅटिस्टिके’. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात येईल.

शोध आर्जेन्टिनाचा. आपला त्याच्याशी काय संबंध?

त्या काळात सगळे खंड एकमेकांना चिकटलेले होते. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांची मिळून गोंडवनभूमी, आणि हे नाव आपल्याच गोंडवनावरून पडलं. आर्जेन्टिनातून आफ्रिकेमार्गे भारतात यायला मध्ये समुद्र नव्हता. झिंबाब्वेत २०२२ मध्ये म्बिरेसॉरस नावाचा सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा असाच आद्य सॉरोपोडोमॉर्फ जाहीर झाला. तिथेही हायपरोडापेडॉनचे नातलग होते. मधला दुवा डोळ्यांसमोर उभा राहतो.

आणि भारताची बाजू दुबळी नाही. मालेरीच्या वरच्या थरांतून जकलापल्लीसॉरस आणि नंबालिया, हे दोन्ही वारापळ्याच्या नंतरच्या काळातले. त्यावरच्या धर्माराम खडकांतून लॅम्प्लुसॉरा आणि प्रधानिया, हे ट्रायसिकनंतर आलेल्या ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचे. त्याही वरच्या कोटा खडकांतून बारापासॉरस आणि कोटासॉरस, हे खरे सॉरोपॉड, चार खांबांवर उभे. एकाच नदीच्या खोऱ्यात एकावर एक थरांत ही गोष्ट पुढे सरकत जाते. जगात अशा जागा थोड्या आहेत.

हे काम मुख्यतः कुणी केलं हे ऐकून लोक चकित होतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं. आकडेवारी शिकवणाऱ्या संस्थेनं! संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मशास्त्रज्ञ पॅमेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि रॉबिन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे भूशास्त्राचा विभाग उभा केला. तिथल्या माणसांनी उन्हाळा-हिवाळा गोदावरीच्या काठानं पायी फिरून खडक चाळले. वर सांगितलेलं ‘स्टॅटिस्टिके’ हे नाव त्या संस्थेच्या मानाचं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली मुलं हे ऐकताना सरसावून बसतात. नंबाल, जकलापल्ली, धर्माराम, यामनपल्ली: ही नावं त्यांच्या कानाला परकी नाहीत. ज्या तेलंगणातून त्यांचे पणजोबा माग घेऊन इथे आले, तिथलीच ही गावं. एका मुलानं घरी जाऊन आजीला विचारलं आणि पुढच्या रविवारी नकाशा घेऊन आला. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि आम्ही तासभर नकाशाच पाहिला.

ही अवघड नावं कोण ठेवतं?

जो प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करतो तो. आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण निवड त्याची.

बारापासॉरस टॅगोराय घ्या. ‘बारा’ हा आकडा नव्हे. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याचं मांडीचं हाडच १ मीटर ७० सेंटिमीटर भरलं. खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६१ च्या सुमाराचं, म्हणून ‘टॅगोराय’. नाव प्रसिद्ध झालं १९७५ मध्ये. किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडं मिळाली, पण कवटी मिळाली नाही.

लॅम्प्लुसॉरा हे नाव पॅमेला लॅम्प्लु रॉबिन्सन यांच्यावरून. आणि प्रधानिया हे नाव धुइया प्रधान यांच्यावरून, जे सांख्यिकी संस्थेत जीवाश्म गोळा करण्याचं काम करत. उन्हात दगडांमधून हाड ओळखणाऱ्या माणसाचं नाव एका डायनासोरला लागलं. ते मी प्रत्येक वेळी मुद्दाम सांगते.

हा राक्षसी डायनासोरांचा पूर्वज का?

थेट पूर्वज म्हणणं धाडसाचं. चुलत पणजोबा म्हणा. एखाद्या घराण्यातल्या जुन्या फोटोत नेमके आपले सख्खे पणजोबा असतीलच असं नाही, पण त्यांच्या भावाचं नाक पाहून घराण्याचं नाक कळतं. तसं.

मांस खायचा की पाला?

कुळाची सुरुवात मांसाहारी दिसते. ब्युरिओलेस्टिसचे दात वाकडे, टोकदार, करवतीसारख्या कडांचे, छोटे प्राणी आणि किडे पकडणारे. पुढे दात पानाच्या आकाराचे, जाडसर होत जातात आणि पाला ओरबाडायला योग्य ठरतात. मधल्या टप्प्यातले प्राणी दोन्ही खात असावेत. लांब मानेला इथे कारण मिळतं: उभ्या जागी, पाऊल न हलवता, जास्त पाल्यापर्यंत पोचता येतं.

आपल्या सोलापुरात असा सांगाडा सापडेल का?

नाही. मुलांचे चेहरे उतरतात, पण खोटी आशा दाखवणं मला जमत नाही.

सोलापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलं आहे. भुईकोट किल्ल्याच्या भिंती, विहिरींचे कठडे, शेतातला मुरूम, सगळं त्याच लाव्हाचं. तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. वारापळ्यासारखे प्राणी त्याच्या १६ कोटी वर्षं आधीचे. आणि वाहत्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. जीवाश्म व्हायला चिखल, वाळू, गाळ लागतो.

‘मग लाव्हाच्या खाली?’ असं एकानं विचारलं, आणि त्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात त्या रात्री लोक रस्त्यावर आले होते, ते मला आजही आठवतं. त्यानंतर जमिनीखाली काय आहे हे समजून घ्यायला किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली फक्त ८ मीटर जाडीचा गाळाचा थर, आणि मग एकदम अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटी खडक. ट्रायसिक काळाचं पान तिथे नाहीच. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात जमीन खचून खोलगट पट्टा तयार झाला होता, त्यात कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहिला. म्हणून हाडं तिकडे.

शेतात गोल दगड निघाला, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. डायनासोरचं अंडं असेल?

अशी छायाचित्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. विहीर खणताना, बांध फोडताना असे गोळे निघतात. ते काळ्या पाषाणाचेच. भेगांमधून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात, आणि आतला भाग गोल उरतो. दगडावर फर्नच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती मँगनीजची, वनस्पतीची नव्हे. पोकळीत चमकणारे स्फटिक मिळाले तर तेही हाड नव्हे. पण ते सुंदर असतात, ठेवा जपून.

तरीही छायाचित्र पाठवणाऱ्या कुणाला मी कधी हसत नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावातले लोक शेतातले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत होते. ती खरोखर लांब मानेच्या टायटनोसॉर डायनासोरांची अंडी निघाली. नर्मदेच्या त्या पट्ट्यात २०२३ मध्ये ९२ घरटी आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. फरक खडकाचा आहे: तिथे अंडी लाव्हाखालच्या चुनखडीयुक्त गाळात आहेत.

मग महाराष्ट्रात डायनासोर कुठेच नाहीत?

आहेत की! चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस लांब मानेचाच, टायटनोसॉर, लाव्हा वाहण्याच्या काळाच्या आसपासचा. त्याचं पहिलं वर्णन १९९७ चं, आणि २००३ मध्ये मिळालेल्या ‘इसिसॉरस’ या नावात पुन्हा तीच सांख्यिकी संस्था आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे जगाला पहिल्यांदा पक्कं समजलं. मुलं ‘विष्ठा’ या शब्दाला खुदकन हसतात आणि मग पाच मिनिटं गंभीरपणे ऐकतात.

गडचिरोलीचा सिरोंचा तालुका तर प्राणहितेच्या काठचा. बारापासॉरसच्या काळातले कोटा खडक तिथेही आहेत. लांब मानेची जुनी पिढी शोधायची असेल तर महाराष्ट्रातली जागा ती.

त्याचा रंग कोणता काढायचा?

चित्रात तुम्हाला हवा तो. रंग हाडांत उरत नाही. माळावर लपायला मातकट रंग बरा, असं मी सुचवते. पण एका मुलानं इरकलीच्या काठासारखा हिरवा-लाल रंगवला होता आणि ते चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे.

कुठे कधी हाडासारखं काही दिसलं तर काय करायचं?

उचलू नका, धुऊ नका, ठोकू नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून छायाचित्र काढा, म्हणजे आकार समजेल. मग दोन पावलं मागे जाऊन आजूबाजूच्या खडकाचं दुसरं छायाचित्र काढा. मोबाइलवर जागेची नोंद ठेवा. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. हाड कुठल्या थरात, कुठल्या दिशेला तोंड करून पडलं होतं, त्याच्याजवळ काय होतं, यातूनच वय आणि परिसर समजतो. जागेवरून हललेलं हाड म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र.

लहानपणी कुठल्याशा सहलीत मला दगडात एक शंख दिसला होता. मी तो खिळ्यानं उकरून काढला. तो तुटला, आणि तो कुठल्या ओढ्याकाठचा हेही मी विसरून गेले. त्याचा अर्धा तुकडा अजून माझ्याकडे आहे, पण त्यावरून आज कुणालाच काही सांगता येत नाही.

मुलीला यातच शिकायचं आहे. मार्ग कोणता?

भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन पदवी, मग जीवाश्मशास्त्राकडे. चित्रकला येत असेल तर सोडू देऊ नका, हाडाची रेखाटनं अजून हातानं काढतात. जैसलमेरजवळच्या १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या थारोसॉरसची ओळख २०२३ मध्ये रूरकीच्या आयआयटीतल्या आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर केली. तोही लांब मानेचाच. म्हणजे हे काम आपल्या देशात आज, आत्ता चाललेलं आहे. आणि उन्हाची सवय लागते, ती सोलापूरच्या मुलीला वेगळी शिकवावी लागणार नाही.

खरा सांगाडा कुठे पाहता येईल?

बारापासॉरस कोलकात्याला सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. पण आपल्याला जवळ हैदराबाद. रस्त्यानं साधारण ३०० किलोमीटर, रेल्वेनंही थेट जाता येतं. तिथल्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरसचा सांगाडा आहे, गोदावरी खोऱ्यातल्या यामनपल्लीजवळ मिळालेल्या हाडांचा. ती हाडं एका प्राण्याची नाहीत. किमान बारा प्राण्यांची हाडं तिथे मिळाली, त्यांतून हा एक उभा केला.

गेलात तर शेपटीकडून सुरुवात करा आणि हळूहळू डोक्याकडे चालत या. मुलांना मानेचे मणके मोजायला सांगा. मग कागदावर माळढोकाएवढ्या वारापळ्याचं चित्र काढून त्या मानेखाली धरा आणि दोन्हीकडे एकदम पाहा. तिथल्या बाकावर बसायला जागा असते. घाई करू नका.